सॉकेट, रिंग आणि पहारा: छोट्या सर्व्हरवर आयओ-युरिंग ठेवायचं की बंद करायचं?

गोव्यात सर्व्हर सांभाळायचं काम बहुतेकांच्या गळ्यात पडतं. पर्वरीच्या किंवा पाटोवरच्या एखाद्या छोट्या कंपनीत वेबसाइट करायला म्हणून रुजू व्हायचं, आणि सीझन सुरू व्हायच्या आत हॉटेल-बुकिंगचा लिनक्स सर्व्हर आपल्याच नावावर झालेला असतो. मग एक जण सांगतो, ‘आयओ-युरिंग चालू कर, वेग वाढतो.’ दुसरा सांगतो, ‘गूगलनेच बंद केलंय, हात लावू नकोस.’ आयओ-युरिंग म्हणजे प्रोग्रामने कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कामं सांगायची नवी रीत. दोघंही खरंच बोलत असतात, आणि निर्णय मात्र तुम्हाला घ्यायचा असतो.

लिनक्सचं टर्मिनल हाताळता येतं आणि सिस्टमडीची सर्व्हिस फाइल एकदा तरी लिहिली आहे, एवढं गृहीत धरतो. कमांड आणि सेटिंगची नावं इथे नागरीत आहेत, मशीनवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

आधी, हे आहे काय

प्रोग्रामला नेटवर्कशी थेट बोलता येत नाही. नवं कनेक्शन घ्यायचं तर ‘ॲक्सेप्ट’, वाचायचं तर ‘रिसीव्ह’, पाठवायचं तर ‘सेंड’, असा दर वेळी कर्नलला सिस्टम कॉल करावा लागतो. ईपोल ही लिनक्सची जुनी सोय वापरली तर कुठल्या सॉकेटवर, म्हणजे नेटवर्क-जोडणीच्या प्रोग्रामकडच्या टोकावर, डेटा आलाय ते एका फटक्यात कळतं, पण तो वाचायला पुन्हा वेगळा कॉल लागतोच. २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष उघडकीला आले आणि त्यांच्यावरच्या उपायांमुळे कर्नलमध्ये शिरायचा-निघायचा हा खर्च आणखी वाढला.

जेन्स ॲक्सबो यांनी लिहिलेलं आयओ-युरिंग मे २०१९मध्ये लिनक्स ५.१सोबत आलं. प्रोग्राम आणि कर्नल यांच्या सामायिक मेमरीत दोन गोल रांगा असतात, म्हणून ‘रिंग’. एकीत प्रोग्राम कामं टाकतो, एकेक नोंद ६४ बाइटची. दुसरीत कर्नल निकाल ठेवतो, एकेक १६ बाइटचा. शंभर कामं टाकून एकच ‘एंटर’ कॉल करता येतो. ‘एसक्यूपोल’ नावाची सोय वापरली तर कर्नलचा एक थ्रेड रांगेवर सतत डोळा ठेवून बसतो आणि तो जागा असेपर्यंत तेवढाही कॉल लागत नाही.

सुरुवात डिस्कच्या कामापासून झाली, पण सॉकेटं फार दिवस बाहेर राहिली नाहीत. ५.३मध्ये ‘सेंडमेसेज’ आणि ‘रिसीव्हमेसेज’ आले, ५.५मध्ये ‘ॲक्सेप्ट’ आणि ‘कनेक्ट’, ५.६मध्ये ‘सेंड’ आणि ‘रिसीव्ह’. ५.१९मध्ये खुद्द ‘सॉकेट’ रिंगमधून बनवता येऊ लागलं आणि ६.११मध्ये ‘बाइंड’ आणि ‘लिसन’ही आले. म्हणजे एखादा सर्व्हर आज एकही नेहमीचा सॉकेट कॉल न करता सुरू होऊ शकतो, कनेक्शनं घेऊ शकतो, उत्तरं देऊ शकतो. वेग इथूनच मिळतो आणि सुरक्षेचा घोळही इथूनच सुरू होतो.

रायबंदर-चोडण फेरीबोटीचं उदाहरण घ्या. पलीकडे जाणारी प्रत्येक गाडी धक्क्यावरून जाते, म्हणून तपासणारा माणूस धक्क्यावर बसवला. उद्या पूल झाला आणि तो माणूस तिथेच बसून राहिला, तर तो आपलं काम चोख करत असेल, पण गाड्या वरून निघून जातील. सेककॉम्प, म्हणजे कोणते सिस्टम कॉल चालतील ते ठरवणारी कर्नलची गाळणी, हा धक्क्यावरचा माणूस. तो सिस्टम कॉलच्या दारात उभा असतो आणि रिंगमध्ये टाकलेलं काम त्या दारातून जातच नाही. एसईलिनक्स, ॲपआर्मर या कर्नलमधल्याच सुरक्षा-यंत्रणांचे पहारे मात्र पलीकडे प्रत्येक घराच्या दाराशी आहेत, कोणत्याही वाटेने आलात तरी ते अडवतात.

पायरी १: आपल्या मशीनवर काय चालू आहे ते बघा

‘युनेम -आर’ चालवून कर्नलची आवृत्ती घ्या. उबुंटू २२.०४ मूळ ५.१५ कर्नलसह येतं आणि २४.०४ मूळ ६.८सह. डेबियन १२मध्ये ६.१ आहे, १३मध्ये ६.१२. आकडा महत्त्वाचा आहे, कारण रिंग बंद करायचं अधिकृत बटण, म्हणजे ‘कर्नल.आयओ_युरिंग_डिसेबल्ड’ हे सिसकंट्रोल (चालू कर्नलचं सेटिंग), ६.६पासूनच आहे. उबुंटू २२.०४च्या मूळ कर्नलवर किंवा डेबियन १२वर बसून हे सेटिंग शोधत राहिलात तर सापडणार नाही. तिथे पायरी ४मधला मार्ग धरायचा.

मग रिंग कोण वापरतंय ते शोधा. रूट होऊन ‘एलएसओएफ’ (उघड्या फाइलींची यादी) चालवा आणि निकालात ‘आयओ_युरिंग’ शोधा. ‘पीएस -ईएलएफ’मध्ये थ्रेडची नावंही बघा, ‘आयओयू-डब्ल्यूआरके’ने सुरू होणारे म्हणजे रिंगचे कामगार आणि ‘आयओयू-एसक्यूपी’ने सुरू होणारा म्हणजे तो डोळा ठेवून बसलेला थ्रेड. पण यादी रिकामी आली म्हणून निर्धास्त होऊ नका. कामगार गरजेपुरतेच जन्माला येतात, आणि ६.५पासून नेहमीच्या फाइल-क्रमांकाशिवायही रिंग बनवता येते.

इंजिनएक्स वापरत असाल तर तो ईपोलवर चालतो, त्याची काळजी नको. पोस्टग्रेसक्यूएल १८ या डेटाबेसमध्ये डिस्क वाचण्यासाठी आयओ-युरिंगचा पर्याय आलाय, पण मूळ सेटिंग ‘वर्कर’ आहे, म्हणजे कुणी मुद्दाम बदललं असेल तरच. नोड.जेएसचं प्रकरण वेगळं आहे, ते पुढे येतंय.

पायरी २: पहारा कसा चुकतो ते स्वतः बघा

ही पायरी वगळू नका. वाचून पटणं आणि स्क्रीनवर बघणं यात फरक पडतो. एक फालतू चाचणी-मशीन घ्या, जुना लॅपटॉपही चालेल, आणि मिरगाच्या पावसात करणार असाल तर यूपीएसला लावून.

दोन छोटे इको सर्व्हर, म्हणजे आलेला मजकूर तसाच परत पाठवणारे, लागतील, एक ईपोलचा आणि एक लिबयुरिंग या रिंगच्या लायब्ररीचा. दोन्हींचे नमुने सहज मिळतात. पहिला ‘एसट्रेस -एफ’खाली (हे साधन प्रोग्रामचे सिस्टम कॉल दाखवतं) चालवा आणि दुसऱ्या खिडकीतून चार ओळी पाठवा. पडद्यावर ‘ईपोल_वेट’, ‘ॲक्सेप्ट४’, ‘रिसीव्हफ्रॉम’, ‘सेंडटू’ असं सगळं ओळीने दिसेल. कोण आलं, किती बाइट वाचले, काय परत गेलं, अक्षरन् अक्षर. आता दुसरा तसाच चालवा. ‘आयओ_युरिंग_एंटर’, पुन्हा ‘आयओ_युरिंग_एंटर’, पुन्हा तेच. कनेक्शन घेतलं गेलं, मजकूर आला, मजकूर गेला, आणि एसट्रेसला त्यातलं काही कळलं नाही. एसक्यूपोल चालू केलंत आणि प्रोग्राम निकालाची वाट कर्नलमध्ये झोपून न बघता रांगेतच बघत असेल, तर बराच वेळ एकही ओळ उमटत नाही.

जे एसट्रेसला दिसत नाही ते सिस्टम कॉल मोजून धोका ओळखणाऱ्या कुठल्याच साधनाला दिसत नाही. एप्रिल २०२५मध्ये आर्मो या कंपनीने ‘क्युरिंग’ नावाचं प्रात्यक्षिक रूटकिट, म्हणजे मशीनमध्ये लपून राहणारं घुसखोर सॉफ्टवेअर, जाहीर केलं. ते आपल्या मालकाशी बोलण्यापासून फाइली वाचण्यापर्यंत सगळं रिंगमधून करतं. फाल्को आणि लिनक्सवरचं मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या निगराणीच्या साधनांना ते दिसलं नाही, टेट्रागॉनलाही मूळ सेटिंगवर दिसलं नाही. यात कर्नलचा कुठलाही बग वापरलेला नव्हता. सगळं नियमांत राहून केलेलं होतं, आणि मला तरी बगांपेक्षा याचीच जास्त धास्ती वाटते.

पायरी ३: कुठला पहारा टिकतो याची यादी करा

तुमच्या सर्व्हिस फाइलमध्ये जे जे संरक्षण लिहिलंय ते कुठे बसतं, असं एकेकाला विचारायचं.

‘सिस्टमकॉलफिल्टर’ सेककॉम्पवर चालतो. त्यात ‘कनेक्ट’ बंद केलात आणि रिंग उघडी ठेवलीत, तर ‘कनेक्ट’ उघडाच आहे. ‘रिस्ट्रिक्टअड्रेसफॅमिलीज’ दिसायला नेटवर्कचं बंधन वाटतं, पण आतून तोही ‘सॉकेट’ या सिस्टम कॉलवरचा सेककॉम्पच आहे. ५.१९पासूनच्या कर्नलवर रिंगमधून सॉकेट बनवलं तर तो बघत राहतो. नवखे इथेच फसतात, कारण नाव विश्वास बसावं असं आहे.

‘आयपीअड्रेसडिनाय’ मात्र टिकतो. तो सीग्रुपला (प्रोसेसच्या गटाला) लावलेल्या बीपीएफ प्रोग्रामवर, म्हणजे कर्नलच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, चालतो आणि पॅकेटच तपासतो. पॅकेट कोणत्या वाटेने जन्माला आलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एनएफटेबल्सची फायरवॉलही तशीच टिकते. एसईलिनक्स आणि ॲपआर्मरचे सॉकेटवरचे नियम टिकतात, कारण त्यांची तपासणी कर्नलच्या आतल्या फंक्शनमध्ये आहे आणि रिंगमधलं ‘कनेक्ट’ शेवटी त्याच फंक्शनमध्ये येतं. ऑडिटला, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीला, ५.१६पासून रिंगसाठी वेगळी यादी मिळाली आहे. जुने सिस्टम कॉलवरचे नियम तिथे लागू होत नाहीत, ते नव्याने लिहावे लागतात, आणि ‘सेंड’, ‘रिसीव्ह’सारखी वारंवार होणारी कामं त्यातही धरलेली नाहीत.

पायरी ४: बंद करायचं असेल तर नीट बंद करा

माझं मत आधीच सांगतो. हॉटेल-बुकिंग, दुकानाचा हिशेब, शाळेचं पोर्टल असलं काही चालवत असाल आणि एका वेळी काही शे कनेक्शनं असतील, तर बंद करा. ईपोल तुम्हाला पुरून उरतो. तुमचा सर्व्हर मंद असेल तर नव्वद टक्के दोष डेटाबेसच्या क्वेरीत निघेल. हा आकडा अनुभवाचा अंदाज समजा, मोजमाप नव्हे.

कर्नलमधल्या त्रुटी दाखवणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या आपल्या योजनेचा लेखाजोखा गूगलने जून २०२३मध्ये मांडला. आलेल्या हल्ल्यांच्या नमुन्यांपैकी ६० टक्के आयओ-युरिंगमधल्या त्रुटींवर बेतलेले होते आणि त्यापायी सुमारे १० लाख डॉलर वाटले गेले होते. त्यानंतर त्यांनी क्रोमओएसमध्ये ते बंद केलं, अँड्रॉइडच्या ॲपना त्यापर्यंत पोचता येणार नाही असं केलं आणि स्वतःच्या सर्व्हरांवरही बंद केलं.

इतके बग का? काम पुढे ढकललं जातं म्हणून. नेहमीच्या कॉलमध्ये काम संपेपर्यंत प्रोग्रामचा तो थ्रेड थांबलेला असतो. रिंगमध्ये विनंती अर्धवट पडून असताना प्रोग्राम तेच सॉकेट बंद करू शकतो, विनंती रद्द करू शकतो, मेमरी सोडू शकतो. कोणती वस्तू कोणासाठी किती वेळ जिवंत ठेवायची हा हिशेब कर्नलला प्रत्येक वेळी बरोबर ठेवावा लागतो. सीव्हीई-२०२२-२६०२ बघा (सीव्हीई म्हणजे त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक). रिंगमध्ये नोंदवलेल्या फाइलींचा हिशेब युनिक्स सॉकेटच्या (एकाच मशीनवरच्या प्रोसेसमधल्या जोडणीच्या) यंत्रणेतून ठेवला जायचा. त्या सॉकेटांचा कचरा उचलणाऱ्या कोडने अजून वापरात असलेली फाइल मोकळी करून टाकली, आणि अर्धवट पडलेली विनंती मग त्या मोकळ्या जागेवर काम करायला गेली. त्या जागी दुसरी फाइल आणून बसवली की लिहायची परवानगी नसलेल्या फाइलीत लिहिता येतं. पुढे ६.७च्या सुमारास रिंग युनिक्स सॉकेटमधून दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवायची सोयच काढून टाकण्यात आली.

आता प्रत्यक्ष काम. ६.६ किंवा पुढचं कर्नल असेल तर ‘ईटीसी’मधल्या ‘सिसकंट्रोल.डी’ फोल्डरात एक फाइल करून ‘कर्नल.आयओ_युरिंग_डिसेबल्ड’ला किंमत द्या. ० म्हणजे सगळ्यांना मुभा. १ म्हणजे ठरावीक गटातल्या किंवा सिस्टम-ॲडमिनचा अधिकार असलेल्या प्रोसेसनाच मुभा. २ म्हणजे कुणालाच नाही. लक्षात ठेवा, हे फक्त नवी रिंग बनवण्यावर लागू होतं. आधीपासून चालू असलेल्या रिंगा चालूच राहतात. सेटिंग बदललं, घरी गेलो, झालं, असं होत नाही. संबंधित सर्व्हिस पुन्हा सुरू करा, जमल्यास मशीनच रीबूट करा.

जुन्या कर्नलवर सर्व्हिस फाइलमध्येच अडवा. ‘सिस्टमकॉलफिल्टर’मध्ये ‘@सिस्टम-सर्व्हिस’ हा गट दिला असेल तर तो रिंगचे कॉल आतच घेतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्याच्याखाली लाटेच्या चिन्हाने (~) सुरू होणारी आणखी एक ओळ टाकून ‘आयओ_युरिंग_सेटअप’, ‘_एंटर’ आणि ‘_रजिस्टर’ ही तिन्ही नावं वगळा. ‘सिस्टमकॉलएररनंबर’ला ‘ईनोसिस’ (असा कॉलच नाही) द्यायला विसरू नका. नाहीतर सिस्टमडी प्रोसेस थेट मारून टाकतो. एरर मिळाला तर नीट लिहिलेला प्रोग्राम रिंग नाही असं समजून गुपचूप ईपोलवर जातो.

कंटेनरांचं थोडक्यात. डॉकर २५.०पासून मूळ सेककॉम्प प्रोफाइलमध्येच रिंग बंद आहे. पण कुणी ‘प्रिव्हिलेज्ड’ लावलं किंवा सेककॉम्प ‘अनकन्फाइन्ड’ केलं की ते संरक्षण गेलं. कुबरनेटीसमध्ये तर मूळ सेटिंगवर पॉडला ‘रनटाइमडिफॉल्ट’ प्रोफाइल सांगितल्याशिवाय सेककॉम्प लागतच नाही. आणि कर्नल सगळ्या कंटेनरांचं एकच असतं, त्यामुळे एका कंटेनरातल्या रिंगचा बग म्हणजे अख्ख्या मशीनचा बग.

पायरी ५: चालू ठेवायचं असेल तर एकालाच द्या

काही ठिकाणी रिंग खरोखर लागते. हजारो कनेक्शनं, छोटे छोटे संदेश, आणि ‘टॉप’मध्ये ‘एसवाय’चा, म्हणजे कर्नलमध्ये जाणाऱ्या वेळेचा, आकडा युजरच्या आकड्याला मागे टाकतोय, असं असेल तर. मोजमाप डिसेंबरच्या शनिवार-रविवारचं घ्या, जुलैचं नको. जुलैत गोव्यातला कुठलाही बुकिंग सर्व्हर झकास चालतो.

मग सेटिंग १ ठेवा, रिंगसाठी वेगळा गट बनवा, त्याचा क्रमांक ‘कर्नल.आयओ_युरिंग_ग्रुप’ला द्या आणि त्या गटात फक्त त्या एका सर्व्हिसचा युजर घाला. विकसकाच्या लॉगिनला त्यात जागा नाही, तो कितीही ओळखीचा असला तरी.

कोड तुमचाच असेल तर रिंग आधी बंद अवस्थेत बनवा, म्हणजे ‘आर_डिसेबल्ड’ हे निशाण लावून. मग ‘रजिस्टर_रिस्ट्रिक्शन्स’ने तिला फक्त ‘ॲक्सेप्ट’, ‘रिसीव्ह’, ‘सेंड’ अशी लागतील तेवढीच कामं मोजून द्या आणि नंतर चालू करा. ही सोय ५.१०पासून आहे आणि रिंग चालू झाल्यावर बंधनं सैल करता येत नाहीत. तरी एक भोक उरतं, हल्लेखोर प्रोसेसमध्ये शिरला तर तो दुसरी, बिनबंधनाची रिंग बनवेल. म्हणून आपली रिंग तयार झाल्यावर लगेच सेककॉम्पने ‘आयओ_युरिंग_सेटअप’ बंद करा. इथे धक्क्यावरचा माणूस पुन्हा कामाला येतो, कारण नवी रिंग बनवायला सिस्टम कॉल लागतोच.

क्रमाचं भान आणखी एका ठिकाणी लागतं. पोर्ट ८० धरायला रूट म्हणून सुरू व्हायचं आणि मग ‘सेटयूआयडी’ने साधा युजर व्हायचं, ही जुनी रीत. फेब्रुवारी २०२४मध्ये नोड.जेएसमधली सीव्हीई-२०२४-२२०१७ जाहीर झाली ती नेमकी याच जागेवर. ‘सेटयूआयडी’च्या आधी लिबयूव्हीची (नोड.जेएसच्या आतल्या लायब्ररीची) रिंग तयार झालेली असायची आणि ती जुन्या अधिकारानेच कामं करत राहायची. प्रोग्रामला वाटायचं आपण रूट सोडलं, रिंगने ते सोडलेलं नसायचं. म्हणून अधिकार आधी सोडा आणि रिंग नंतर बनवा. त्याहून बरं म्हणजे रूट म्हणून सुरूच होऊ नका. पोर्ट सिस्टमडीच्या सॉकेट युनिटकडून घ्या.

कॉपीविना पाठवायची सोय, म्हणजे ‘सेंड_झेडसी’, ६.०पासून आहे. तिचा मोह आवरा. तीत दोन निकाल येतात. पहिला सांगतो की पाठवायचं काम झालं, दुसरा सांगतो की बफर आता तुमचा. मधल्या काळात कर्नल तोच बफर धरून बसलेला असतो, कारण समोरून पोच आली नाही तर टीसीपीला तो मजकूर पुन्हा पाठवावा लागतो. पहिल्याच निकालावर बफर पुन्हा भरलात, तर एका पाहुण्याच्या कनेक्शनवर दुसऱ्याच्या पासपोर्टचा तपशील जाऊ शकतो. कर्नलमध्ये काहीही न बिघडता.

एसक्यूपोल छोट्या मशीनवर नकोच. तो थ्रेड सीपीयू खात राहतो, आणि दोन कोरच्या भाड्याच्या मशीनवर त्यातला एक कोर पहाऱ्यातून सुटणाऱ्या कामासाठी राखून ठेवण्यात काय अर्थ आहे?

पायरी ६: नजर ठेवायची जागा बदला

निगराणीचं साधन सिस्टम कॉल मोजतं की एलएसएमच्या जागी (एसईलिनक्स, ॲपआर्मर बसतात तिथे) बसतं, हे त्याच्या कागदपत्रांत शोधा. पहिल्या प्रकारचं असेल तर निदान ‘आयओ_युरिंग_सेटअप’ हा एक कॉल झाला की सूचना येईल असा नियम लावा. ज्या मशीनवर रिंग कुणीच वापरायला नको तिथे हा एकच नियम बरंच काम करतो, आणि खोटी बोंबही फारशी मारत नाही. रिंग वापरात असेल तिथे कर्नलमधले ‘आयओ_युरिंग’ गटाचे ट्रेसपॉइंट (कर्नलमध्ये नोंद घ्यायच्या ठरलेल्या जागा) बीपीएफट्रेस या साधनाने बघता येतात. रिंग बनली, काम आलं, काम संपलं, हे तिथे दिसतं. भार वाढतो, म्हणून शंका आली तरच लावा.

कर्नलचे सुरक्षा अपडेट वेळच्या वेळी घ्या. फक्त चवथीच्या आदल्या दिवशी नको, सगळे गावी गेलेले असतात आणि रीबूटनंतर अडकलेली सर्व्हिस बघायला कुणी उरत नाही. प्रत्येक रीबूटनंतर ‘सिसकंट्रोल’ने तो आकडा वाचून बघा. पायरी २मधला लिबयुरिंगचा इको सर्व्हर जपून ठेवला असेल तर साध्या युजरने तोही चालवून बघा. सेटिंग १ किंवा २ असेल तर तो ‘ईपर्म’ (परवानगी नाही) म्हणून तिथल्या तिथे बंद पडला पाहिजे. सुरू झाला, तर तुमची सिसकंट्रोलची फाइल वाचली गेलेली नाही किंवा दुसऱ्या कुठल्यातरी फाइलने तिच्यावर मात केली आहे. नावाच्या क्रमाने शेवटी येणारी फाइल जिंकते, म्हणून आपल्या फाइलीच्या नावाची सुरुवात ९९ने करा.